निकॉन एफ-२ या फिल्म कॅमेऱ्यासाठी मीटरवाला प्रिझम (उजेड मोजणारा व्ह्यूफाइंडर) घेताना

भाऊ, आधी तुमच्या लेन्स पाहा. नुसत्या ‘कान’वाल्या (अ‍ॅपर्चर रिंगवर मीटरला जोडणारा धातूचा फाटा असलेल्या) जुन्या लेन्स असतील तर डीपी-१ हा प्रिझम घ्या, एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग, म्हणजे रिंगच्या कडेनेच मीटरला जोडणाऱ्या नंतरच्या) लेन्सना डीपी-११ किंवा डीपी-१२. डीपी-१२ मध्ये उजेड मोजायला सिलिकॉन सेल आहे, कमी उजेडात तोच सरस, पण महाग पडतो.

बॉडीच्या तळाशी एसआर-४४ च्या २ बॅटऱ्या घाला, फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर थोडा बाहेर ओढा म्हणजे मीटर चालू होतं. मग लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग अगदी हळू फिरवा. डीपी-१ किंवा ११ ची सुई उड्या मारत असेल तर आतली रेझिस्टर रिंग झिजलीय. कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नागपूरच्या निरभ्र दुपारी उन्हातल्या हिरव्या गवतावर आयएसओ १००, शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या आसपास सुई मधोमध आली पाहिजे.