व्हॉट्सअ‍ॅप राहू दे, आधी बॅकअप बघा

खासगीपणाच्या विषयात नवीन आहात म्हणून सांगतो, गप्पा कोणी वाचेल या भीतीने व्हॉट्सअ‍ॅप सोडायची घाई करू नका. आई, दूधवाला, मुलांच्या शाळेचा ग्रुप सगळे तिथेच आहेत. २०१६ पासून तिथल्या गप्पा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोणाशी, कधी, किती वेळा बोललात याची नोंद राहू शकते, आणि त्यातूनही माणूस बराच कळतो.

खरी गळती बॅकअपमध्ये, म्हणजे गप्पांची जी प्रत गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात साठते तिच्यात. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडून तिथलं एन्क्रिप्शन सुरू आहे का बघा; नसेल तर करा. ही सोय २०२१ मध्ये आली. पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा. फोन आणि पासवर्ड दोन्ही गेले, तर जुने फोटो परत मिळत नाहीत. माझ्या मावशीचे असेच गेले, फार हळहळ वाटली.

टेलिग्राम या अ‍ॅपवर सगळंच आपोआप एंड-टू-एंड असतं, असा बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. तिथल्या साध्या गप्पा त्यांच्या सर्व्हरवर राहतात, म्हणूनच कुठल्याही फोनवर लगेच दिसतात. लेखी गप्पांत एंड-टू-एंड असतं ते फक्त ‘सीक्रेट चॅट’, जे वेगळं सुरू करावं लागतं. आधारचा फोटो, बँकेचे कागद मी तिथे पाठवत नाही. त्यासाठी घरच्या चौघांच्या फोनवर सिग्नल हे अ‍ॅप बसवून दिलंय; तिथल्या सगळ्याच गप्पा एंड-टू-एंड असतात.