पाण्याच्या भांड्यात बसून राहणारा अजगर घ्यावा का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही इंग्लंडमधे रेडिंगला असतो, मूळचे कराडचे. मुलगा १३ वर्षांचा, गेली २ वर्षं साप पाहिजे साप पाहिजे म्हणून मागे लागलाय. आता आमच्या गल्लीतला एक मुलगा नोकरीसाठी मँचेस्टरला चाललाय, तिथल्या घरमालकाला चालत नाही म्हणून त्याला त्याचा रॉयल पायथन देऊन टाकायचाय. मादी आहे, ६ वर्षांची, काचेचं विव (म्हणजे साप ठेवायची पेटी), खालून ऊब देणारी हीट मॅट, तिचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट सगळ्यासकट १२० पाउंड म्हणतोय. परवा बघून आलो, एकदम शांत वाटली. २ महिने काही खाल्लेलं नाही पण थंडीत असंच करतात म्हणे, आणि दिवसभर पाण्याच्या भांड्यातच बसून असते, तिला पाणी खूप आवडतं असं तो म्हणाला. बायको नाही म्हणत नाहीये पण हो पण म्हणत नाहीये. घरात ३ वर्षांची मुलगी आहे आणि जूनमधे आई येणार आहे, ती फोनवर म्हणाली वारुळाला हात जोडावेत रे, घरात कशाला आणायचं. शनिवारपर्यंत कळवायचंय. काय करू?

उत्तर: दादा, शनिवारी हो म्हणू नका, शनिवारी परत बघायला जा. पहिल्या भेटीत आपण साप बघतो, दुसऱ्या भेटीत त्याचं घर बघायचं असतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी थांबले, ते पाण्याच्या भांड्याचं. रॉयल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवसा बिळात दडून बसणारा प्राणी. कधीमधी पाण्यात बसला तर ठीक, पण दिवसभर तिथंच असेल तर बहुतेक वेळा कारण आवड नसतं, कारण माइट असतात. आपल्याकडे जनावराला गोचीड लागते तसा हा सापाचा बारीक किडा, खवल्यांच्या फटीत शिरून रक्त पितो, आणि साप बिचारा तो बुडून मरावा म्हणून पाण्यात जाऊन बसतो. दुसरं कारण विव फार गरम किंवा फार कोरडं असणं. म्हणजे दोन्हीकडून तो सांगतोय की मला इथं त्रास होतोय, आणि मालकाला ते लाड वाटतायत. तो मुलगा खोटं बोलतोय असं मी अजिबात म्हणत नाही, बहुतेकांना हे खरंच माहीत नसतं.

तपासायचं कसं? पांढरा किचन टिश्यू जरा ओला करा आणि तिच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हलक्या हाताने फिरवा. काळे, तिळाहून कितीतरी बारीक ठिपके आले आणि ते हलले तर माइट. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी बघा, बुडालेले तिथं दिसतात. हनुवटीखाली जी घडी असते तिथं आणि डोळ्याच्या कडेला मोबाइलचा टॉर्च मारून बघा. माइट आहेत म्हणून साप घेऊच नये असं नाही, बरा होतो, पण मग विव तसंच्या तसं उचलून घरी आणायचं नाही कारण त्यांची अंडी सांध्यांत आणि खालच्या भुशात असतात. भुसा फेकायचा, लाकडी बिळं, ओंडके असलं सगळं टाकून द्यायचं, आणि काही आठवडे खाली साधा कागद घालून व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरच्या, सांगण्याप्रमाणे औषध करायचं. हा खर्च १२० पाउंडात धरलाय का, ते त्या मुलाशी मोकळेपणानं बोला.

आता न खाण्याचं. हे मात्र तो बरोबर बोलतोय, रॉयल पायथन यासाठी प्रसिद्धच आहेत, थंडीत महिनोन्महिने तोंड लावत नाहीत आणि तरी ठणठणीत राहतात. पण हे खरं कधी, तर वजन टिकून असेल तेव्हा. म्हणून जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक झाकणाचा डबा घेऊन जा, तिला डब्यात ठेवून वजन करा. ६ वर्षांची मादी साधारण दीड किलोच्या आसपास असते, थोडं कमी जास्त चालतं. तिचं अंग गोलसर लागलं पाहिजे, पाठीचा कणा वर आलेला आणि दोन्ही बाजू उतरत्या छपरासारख्या असतील तर ती २ महिन्यांची उपाशी नाहीये, त्याच्या आधीपासूनच काहीतरी बिनसलंय. आणि विचारा, शेवटचं काय खाल्लं, उंदीर का घूस जातीचं पिल्लू, फ्रोझन वितळवून का जिवंत, कुठल्या तारखेला. ज्याने नीट पाळलंय त्याच्याकडे वहीत नाहीतर फोनमधे तारखा असतात. तारखा नाहीत म्हणजे माणूस वाईट असं नाही, पण मग ती खाते हे तुम्हाला डोळ्यांनी बघावं लागेल. मी तर म्हणेन की आधी खाऊ दे, मग पैसे.

अजून एक मागा, शेवटची कात. बरेच जण हौसेनं ठेवतात. निरोगी सापाची कात मोज्यासारखी अखंड निघते, आणि डोक्यापाशी उजेडात धरली की डोळ्यांच्या जागी दोन छोट्या पारदर्शक टिकल्या दिसतात, कॉन्टॅक्ट लेन्ससारख्या. त्या टिकल्या कातीत असतील तर डोळे मोकळे झालेत. कात तुकड्या तुकड्यांत निघत असेल तर ओलावा कमी पडतोय, या जातीला साधारण ६० टक्के तरी लागतो आणि हीटर चालू असलेल्या इंग्लंडच्या घरात तो आपोआप राहत नाही.

श्वास घेताना घरघर, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून बसणं, पोटाकडचे खवले तपकिरी लालसर झालेले, यातलं काही दिसलं तर त्या दिवशी घेऊ नका. मान वाकडी करून छताकडे बघत राहत असेल किंवा डोकं सारखं डुलत असेल तरी नाही. स्पायडर नावाचा एक नक्षीचा प्रकार ब्रीडरांनी वाढवलाय, त्यात हे डोकं डुलणं जन्मजातच येतं, तेव्हा तुमची कुठल्या प्रकारची आहे तेही विचारा.

थर्मोस्टॅटबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण त्यात मी स्वतः पोळलेय, म्हणजे माझा साप पोळलाय. मी लेस्टरला असताना एक कॉर्न स्नेक असाच सेटअपसकट घेतला होता. थर्मोस्टॅटचा हिरवा दिवा लागत होता, मला वाटलं चालू आहे. त्याचा प्रोब, म्हणजे ती वायरच्या टोकाची तापमान मोजणारी गोळी, कधीतरी मॅटवरून घसरून मागच्या कोपऱ्यात थंड काचेला टेकलेली होती, त्यामुळे थर्मोस्टॅट समजायचा की थंडी आहे आणि मॅट तापतच राहायची. मी ९ दिवसांनी वेगळा थर्मामीटर ठेवला तर ४३ डिग्री. साप तिथंच बसलेला. त्यांना पोटाखालून येणारी अशी उष्णता वेळेत कळत नाही, भाजेपर्यंत हलत नाहीत. पोटाचे खवले ब्राउन झाले होते, व्हेटकडे फेऱ्या झाल्या, ३ वेळा कात टाकल्यावर खूण पुसट झाली. त्या व्हेटनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की तापमान कशाने मोजता, आणि मी दिव्याकडे बोट दाखवलं होतं. म्हणून सेकंडहँड सेटअपमधलं थर्मोस्टॅट मी वापरत नाही, नवीन घेते, आणि वेगळा डिजिटल थर्मामीटर दोन्ही टोकांना लावते. तुमच्या पायथनला गरम टोक ३१ ते ३३ डिग्री आणि थंड टोक २५च्या आसपास, दोन्हीकडे एकेक अंग चोरून बसता येईल असं बीळ. आणि विव किती लांब आहे ते मोजा, सापाला आडवं पसरता आलं पाहिजे. मोठी मादी ४ फूट होते, त्या मुलाचं विव २ फुटी असेल तर ते त्याने ती लहान असताना घेतलेलं आहे.

आता घरातल्यांचं. रॉयल पायथन बिनविषारी असतो, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, इंग्लंडमधे त्याला लायसन लागत नाही. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो आणि ५ वर्षांखालची मुलं आणि वयस्कर माणसं यांना तो जास्त त्रास देतो. तुमच्याकडे दोन्ही आहेत. मग धाकटीने हात लावायचा नाही, विवला कुलूप, भांडी किचनच्या सिंकमधे धुवायची नाहीत, उंदरांना वेगळा छोटा फ्रीझर. हा फ्रीझरचा विषय वहिनींशी आधी बोला, त्यांचा अर्धा नकार तिथंच असेल. आणि आईंचं म्हणणं मला आवडलं, हात जोडणं म्हणजे त्याला त्याच्या जागी सुखानं राहू देणं. त्यांना सांगा की दूध देणार नाही, उगाच हाताळणार नाही, त्याला लागतं तसं ऊबदार बीळ देणार आहोत. पटेल त्यांना, नाही पटलं तरी त्या असतील तेव्हा विव मुलाच्या खोलीत राहू दे.

आणि मुलगा. तो १३ वर्षांचा आहे, इंग्लंडच्या २००६ च्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टप्रमाणे १६ च्या आतल्या मुलाला प्राणी विकताच येत नाही, म्हणजे कायद्यानेही ती तुमची. ५ वर्षांनी तो शिकायला जाईल आणि ती ११ वर्षांची असेल. हे साप २०-३० वर्षं जगतात. अमेरिकेत सेंट लुइस झूला १९६१ मधे एका माणसाने अशीच आपली मादी आणून दिली होती, तिने २०२० मधे ७ अंडी घातली, तेव्हा ती साधारण ६२ वर्षांची असावी असा झूचा अंदाज होता. गल्लीतला मुलगा आज ज्या जागी उभा आहे तिथं उद्या तुमचा मुलगा असणार, तेव्हा प्रश्न एवढाच विचारा की मुलगा गेल्यावर पाणी बदलायला आणि उंदीर वितळवायला मी तयार आहे का. तुम्ही स्वतः हो म्हणालात आणि शनिवारी ती वर सांगितलेल्या गोष्टींतून पास झाली तर जरूर आणा, माझं मत घ्याच असं आहे, कारण मोठ्या सापांना दुसरं घर सहज मिळत नाही आणि तिथल्या रेस्क्यूंमधे रॉयल पायथन भरपूर पडून आहेत. आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. मुलाला हेच सगळ्यात जड जाईल.

प्रश्न: ताई, मी पुण्यात हिंजवडीला काम करतो. ऑफिसमधला एकजण बॉल पायथन स्वस्तात देतोय, साप परदेशी जातीचा आहे म्हणून भारतात लीगल आहे म्हणतो. घेऊ का?

उत्तर: रेडिंगवाल्यांचा आणि तुमचा साप एकच, ब्रिटिश त्याला रॉयल म्हणतात इतकंच. पण तुमचं उत्तर वेगळं आहे. परदेशी जातीचा साप म्हणजे आपोआप लीगल हे अर्धंच खरं. वन्यजीव कायद्यात २०२२ मधे दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी, ज्यात हा येतो, त्यांची नोंद सरकारकडे करावी लागते. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले, आधीपासून ज्यांच्याकडे प्राणी होते त्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवायला ६ महिने होते. प्राणी दुसऱ्याला दिला तर तेही कळवायचं असतं. म्हणून मित्राला एकच विचारा, नोंदणीचा कागद दाखव. कागद त्याच्या नावावर असेल आणि तो रीतसर तुमच्या नावावर करून देणार असेल तर वरचं उत्तर पहिल्यापासून वाचा. कागद नसेल तर फुकट दिला तरी नाही. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांमधे असे अजगर किती वेळा सापडलेत, पिशव्यांत कोंबलेले, त्यातले काही मेलेले, आणि तुम्ही दिलेले पैसे त्याच साखळीत जातात. आपला भारतीय अजगर, मांडूळ, धामण यांचा तर प्रश्नच नाही, ते पाळणं गुन्हा आहे.

मित्राकडे कागद नसेल आणि तो वैतागून साप कुठं डोंगरात सोडायचं म्हणत असेल तर त्याला थांबवा. आफ्रिकेतला प्राणी आहे, इथं सोडला तर तो मरेल नाहीतर त्याचे रोग आपल्या सापांना देईल. वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा, आणि ते येईपर्यंत पेटीचं झाकण नीट बंद आणि एक कोपरा ऊबदार आहे ना एवढं बघा.