पासपोर्टावरचं आडनाव आईकडे लिहून ठेव

गोव्यातल्या साखळीहून तू विचारलंस: सप्टेंबरात शिकायला इंग्लंडला निघतोयस, स्विंडनला खोली मिळेल का, रोख किती आणावी, आणि शेवटी एका ओळीत, "एकटं वाटतं का?" व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे. स्विंडनला गोंयकार इतके की आमटीला सोलांसुद्धा मिळतील. पहिला हिवाळा वाईट जातो, मग सवय होते. एकटेपणाचं एवढंच.

खरं तर एवढंच नाही. मी राहतो त्या गावात दोन गल्ल्या सोडून पेडण्याचा एकजण राहायचा. भाऊ म्हणायचो त्याला. गोदामात रात्रपाळी. आजोबा पोर्तुगीज अमदानीतले, म्हणून लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला, ब्रेक्झिटच्या आधीच आलेला. घरी परब, पासपोर्टावर पोरोबो. त्या स्पेलिंगपायी दोन वर्षं गेली त्याची. शाळेच्या दाखल्यावर एक, आजोबांच्या कागदावर दुसरं, प्रत्येक खिडकीवर नवं प्रतिज्ञापत्र. एजंटाने किती खाल्ले ते विचारूच नकोस.

मग त्याने चवथीचं, म्हणजे गणपतीला घरी जायचं तिकीट रद्द केलं. पाळ्या चुकवायला लागला. एक दिवस स्वतःचा प्रेशर कुकर मला आणून दिला, "ठेव, मला नको." मी आनंदाने घेतला.

चार दिवस फोन बंद, तेव्हा मी 101 ला, म्हणजे पोलिसांच्या बिनतातडीच्या नंबराला फोन केला. पहिलाच प्रश्न स्पेलिंगचा. मी परब सांगितलं. जन्मतारीख माहीत नाही, जीपी, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, कोण माहीत नाही. फोनवरच्या बाईंनी विचारलं, जिवाला धोका वाटतो का? आपल्या सवयीने म्हटलं, "तसं नाही, पण बरा वाटत नाही." तिथेच चुकलं. 2023 च्या जुलैत इंग्लंडात सरकार, पोलीस आणि आरोग्यसेवा यांचा 'राइट केअर, राइट पर्सन' करार झाला: जिवाला किंवा गंभीर इजेचा तातडीचा धोका असेल, नाहीतर गुन्हा असेल, तर पोलीस, बाकी आरोग्यवाले. मला ते पटतंही, पोलीस काही डॉक्टर नव्हे. पण मग फोनवर मोघम बोलून चालत नाही. तिकीट रद्द केलं, वस्तू देऊन टाकल्या, चार दिवस दिसला नाही, हे असंच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या फोननंतर दोघे पोलीस आले. मी जिन्यात उभा. भाऊने शर्ट खोचून दार उघडलं, हसून म्हणाला, "आय ॲम ओके, सर." तीन मिनिटांत संपलं. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 136, ज्याखाली पोलीस माणसाला सुरक्षित जागी नेतात, ते घराबाहेर सापडलेल्या माणसासाठी. घरातून न्यायचं तर वॉरंट लागतं. पण मी निदान कुकरचं तरी सांगायचं. आपणच पोलीस आणले याची लाज वाटून गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी.

बेपत्ता म्हणून नोंदवायला 24 तास थांबावं लागत नाही. मी थांबलो. तिकडे भाऊच्या घरच्या काकी पेडण्याहून 999, इथला तातडीचा नंबर, फिरवत बसल्या. भारतातून तो इथल्या पोलिसांना लागत नाही, त्या भागातल्या पोलिसांचा +44 वाला पूर्ण नंबर हवा.

नऊ दिवसांनी पोलिसांनी मला कळवलं: सापडला, सुखरूप आहे, पत्ता कोणाला द्यायचा नाही म्हणतो. सज्ञान माणसाला तो हक्क आहे.

तर पासपोर्टावरचं नाव जसंच्या तसं, जन्मतारीख, खोलीचा पत्ता, जीपी, एका शेजाऱ्याचा फोन, हे कागदावर आईकडे ठेवून ये. रात्री फार जड झालं तर आरोग्यसेवेचा 111 लावून 2 दाब, किंवा समॅरिटन्स ही मन मोकळं करायची हेल्पलाइन, 116 123. घरच्यांना गोव्यात टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416. मी यातला एकही कधी फिरवला नाही. कुकर मात्र रोज वापरतो.

"पत्ता द्यायचा नाही" हे काकींना मी अजून सांगितलेलं नाही. कामात आहे, एवढंच म्हणतो. गेल्या चवथीला त्यांचा फोन आला, तर त्यांनी विषय काढायच्या आत मीच विचारलं, गणपतीवर टांगायच्या माटोळीला चिबूड मिळाला का?