फॉर्म भरला, हॉलतिकीट काढलं, पण सेंटरला गेलेच नाही

या महिन्यात स्पर्धा परीक्षावाल्यांची पत्रं इतकी आलीत की बाकीचे प्रश्न सरळ पुढच्या अंकात ढकललेत. तीन निवडलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तसंच पत्र थोड्याफार फरकाने अजून बऱ्याच जणांनी लिहिलंय.

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यातली, वय २५. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून यूपीएससी करतेय. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते ते रात्री दहालाच रूमवर येते, सगळे म्हणतात किती सिन्सियर आहे. पण खरं सांगते, दोनदा प्रीलिमचा म्हणजे पूर्व परीक्षेचा फॉर्म भरला, हॉलतिकीट काढलं आणि ऐनवेळी गेलेच नाही. वाटतं अजून एक रिव्हिजन झाली असती तर, उगाच अटेम्प्ट कशाला घालवायचा. टेस्ट सिरीजचे पैसे भरलेत, पेपर कपाटात तसेच पडून आहेत. घरी सांगितलं की थोडक्यात गेलं. बाबा सोयाबीनच्या पैशातून पाठवतात. आता परत तेच होणार असं वाटतंय आणि झोप उडालीय.

उत्तर : अगं, आधी एक आकडा बघ. २०२३ च्या प्रीलिमला फॉर्म भरले साधारण १० लाख १६ हजार जणांनी आणि प्रत्यक्ष पेपरला बसले ५ लाख ९२ हजार. म्हणजे चार लाखांच्या वर लोक गेलेच नाहीत. सगळेच घाबरून घरी बसले असं नाही, कुणाला नोकरी लागली असेल, कुणी सहज फॉर्म भरून ठेवला असेल, पण तुझ्यासारखे त्यात भरपूर असणार हे मी इथे येणाऱ्या मुलांवरून सांगू शकते.

अटेम्प्ट वाचवला म्हणतेस तर ते नियमाने बरोबरच आहे, प्रीलिमच्या एका तरी पेपरला बसलं तरच अटेम्प्ट धरतात. पण वय कुठे थांबतं? ओपनला ३२, ओबीसीला ३५, तेही त्या वर्षीच्या १ ऑगस्टला मोजतात. अटेम्प्ट ओपनला सहा, ओबीसीला नऊ, ते शिल्लक ठेवून वय संपलेली मुलं मी बघितलीत, त्यांना त्या शिल्लक अटेम्प्टचं कुणी काही देत नाही.

आता मला जे दिसतंय ते स्पष्ट सांगते, राग मानू नकोस. तू अभ्यासाला घाबरत नाहीस, तू मार्क पडण्याला घाबरतेस. अभ्यासिकेत पंधरा तास बसलं तरी तिथे कुणी मार्क देत नाही, उलट लोक सिन्सियर म्हणतात, मग तिथे बरंच वाटणार ना. टेस्ट दिली की समोर आकडा येतो, म्हणून पेपर कपाटात. रिव्हिजन कधी पुरी होतच नाही, जे पास झाले त्यांचीही झालेली नव्हती.

आणि आकडा किती लागतो ते तरी बघ. त्याच २०२३ च्या प्रीलिमचा ओपनचा कटऑफ होता ७५.४१, तो २०० पैकी! आधीच्या वर्षी ८८.२२ होता. दहावी-बारावीला नव्वद टक्क्यांच्या खाली आलं की घरात सुतक असलेली आपली पोरं, त्यांना चाळीस टक्के पाडून पास होता येतं हे डोक्यात शिरतच नाही. मॉकमध्ये म्हणजे सराव पेपरात ७० पडले की ती म्हणतात झालं, संपलं. अगं ७० म्हणजे तू दारात उभी आहेस.

म्हणून येत्या रविवारी एवढं कर. यूपीएससीच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत, त्यातला एक, न बघितलेला, प्रिंट काढ. ओएमआर म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका घे, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा जीएस (सामान्य अध्ययन) आणि दुपारी अडीच ते साडेचार सीसॅट (आकलन, गणित आणि तर्काचा पेपर), अगदी खऱ्या वेळेत. सीसॅट सोडू नकोस, त्याला ३३ टक्के लागतातच आणि जीएस चांगला जाऊन तिथे अडकलेले कमी नाहीत. संध्याकाळी त्या पेपरची आयोगाचीच आन्सर की घेऊन तपास. मग चुका बघताना नुसतं 'चुकलं' असं लिहू नकोस. माहीतच नव्हतं का, माहीत असून घोटाळा झाला का, की दोन ऑप्शनपर्यंत आली होतीस आणि घाबरून गोल रंगवलाच नाहीस? हा तिसरा प्रकार नीट मोज. समज असे १२ प्रश्न कोरे सोडलेस तर मिळाले शून्य. रंगवले असतेस आणि निम्मे जरी बरोबर आले तरी सहाचे १२ मार्क, चुकलेल्या सहाचे प्रत्येकी ०.६६ प्रमाणे जवळपास ४ वजा, म्हणजे हातात ८. कटऑफला लोक एकेका मार्काने जातात, आणि हे ८ मार्क अभ्यास कमी पडला म्हणून गेलेले नसतात. हां, चारातला एकही ऑप्शन उडवता येत नसेल तर मात्र हात लावू नकोस, तिथे लांब पल्ल्यात फायदा शून्यच.

पहिल्या रविवारी ५० पडले तरी चालतील. आकडा वहीत लिही, मैत्रिणीला दाखव. दर आठवड्याला एक पेपर ठेव, म्हणजे खऱ्या दिवशी ओएमआर हातात आला की तो ओळखीचा वाटेल.

घरचं बोलायचं तर बाबांना खरं सांग आणि परीक्षेच्या आधी सांग. 'बाबा, मी मागच्या वेळी बसलेच नव्हते, भीती वाटली, यावेळी बसणार आहे', एवढंच. ते चिडतील, दोन दिवस फोन घेणार नाहीत कदाचित. पण निम्मी झोप त्या 'थोडक्यात गेलं'नेच उडालीय असं मला वाटतं. तरीही झोप येतच नसेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरला दाखव, नाहीतर १४४१६ वर फोन कर, सरकारची टेलिमानसची लाइन आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला पण पुढे नाही. काही विचारलं की चिडतो. यंदा दिवाळीलाही घरी आला नाही. गावात लोक विचारतात, काय झालं पोराचं. आम्ही त्याच्याशी बोलायचं तरी काय?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मुद्दाम वरच्या पत्राखाली छापतेय. तुमचा मुलगा दिवाळीला आला नाही तो तुमच्यामुळे नाही, पारावर बसलेल्यांमुळे. त्यांना एकदा तुम्हीच सांगून टाका, की चालू आहे त्याचं, झालं की पेढे देतो. म्हणजे त्याला कुणी विचारणार नाही.

त्याच्याशी मात्र पैशावर मोकळं बोला, हा विषय आपल्याकडे बाप लेकाशी काढतच नाही. अजून किती महिने पैसे पाठवणं जमेल ते स्पष्ट सांगा. वर्षभर जमेल तर वर्षभर. तुम्ही गप्प राहिलात की तो मनात धरून बसतो की आपल्यापायी जमीन विकायची वेळ आलीय, आणि ते ओझं घेऊन पेपर सोडवतो. त्याला आकडा कळला की तो स्वतःच हिशोब लावेल. मार्क विचारू नका, जेवला का विचारा, मेसचं कसं आहे विचारा. आणि शेजारच्या गावातला अमुक कसा क्लासवन झाला हे कृपा करून सांगू नका, सत्काराच्या स्टेजवर उभा असतो तो पास झालेलाच असतो, बाकीच्या हजारोंना माइक कोण देतो.

प्रश्न : मी यूपीएससी करतो, वय २९. सोबत एमपीएससीचा फॉर्म भरू का? मित्र म्हणतात प्लॅन बी ठेवला की माणूस आधीच हरतो.

उत्तर : भर. मित्रांचं ऐकू नकोस, त्यातल्या अर्ध्यांनी गुपचूप भरलेला असेल. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता यूपीएससीसारखी वर्णनात्मक झालीय, त्यामुळे तुझं आन्सर रायटिंग दोन्हीकडे चालेल, आणि तिकडे ओपनला वय ३८ पर्यंत आहे. पीएसआयचा विचार असेल तर त्याची मर्यादा वेगळी आणि कमी आहे, जाहिरात नीट वाच. शिवाय यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत जाऊन यादीत न आलेल्यांची माहिती, त्यांची संमती असेल तर, आयोग प्रतिभा सेतू नावाच्या पोर्टलवरून नोकरी देणाऱ्यांना दाखवतो, तिथे पोचलास तर संमतीच्या जागी 'हो' टाकायला विसरू नकोस, बरेच जण लाजेपोटी 'नाही' टाकतात. जातीचं किंवा नॉन-क्रीमिलेअरचं प्रमाणपत्र लागणार असेल तर तारीख आत्ताच तपासून घे, ॲड आल्यावर सेतू केंद्रात रांग असते.