'व्हेरा' शफलवर ऐकू नकोस

अरे, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं 'व्हेरा' तुला अर्धवट वाटलं ना, एकटं ऐकलं तर तसंच वाटणार, जेमतेम दीड मिनिटाचं गाणं आहे ते. आधी ज्या ब्रिटिश गायिकेवरून त्याचं नाव आलंय त्या व्हेरा लिनचं 1939 चं 'वुईल मीट अगेन' ऐक, शांतपणे, पूर्ण. युद्धावर गेलेल्या ब्रिटिश पोरांना या बाईने पुन्हा भेटू असा धीर दिला, 1944 मध्ये तर थेट बर्माच्या आघाडीवर जाऊन गायली, आणि तिथल्या चौदाव्या आर्मीत बहुतेक जवान आपले भारतीय होते बरं का. त्याच वर्षी इटलीत आन्झिओला हे गाणं लिहिणाऱ्या, बँडमधल्या रॉजर वॉटर्सचे वडील मारले गेले, तेव्हा हा पाच महिन्यांचा. म्हणजे ज्याची वडिलांशी पुन्हा भेट कधी झालीच नाही असा मुलगा मोठा होऊन या गाण्यात विचारतोय की ती बाई गेली कुठे, त्या वचनाचं काय झालं. मला तर अजूनही तिथे गलबलून येतं.

आता हे गाणं ज्यात आहे त्या 'द वॉल' या दोन रेकॉर्डच्या अल्बमची तिसरी बाजू सलग लाव, 'व्हेरा'च्या आधीच्या 'नोबडी होम'पासून, हेडफोन लावून. 'व्हेरा'तली गिटार आणि व्हायोलिनं संपता संपता पुढच्या 'ब्रिंग द बॉइज बॅक होम'चे ड्रम्स आदळतात, तो सांधा अजिबात चुकवू नकोस. गिटार सोलो वगैरे नंतर 'कम्फर्टेबली नम'मध्ये भरपूर मिळेल.