घरामागची जमीन कमर्शियल होतेय, आता कुणाकडे जायचं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या फोर्साइथ काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) तुमचं घर, मागच्या शेतजमिनीवर दुकानं काढायला रीझोनिंगचा, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याचा, अर्ज आलाय, प्लॅनिंग कमिशनने हो म्हटलंय, आणि पत्त्यात शेजारच्या अल्फारेटा शहराचं नाव लिहिलंय म्हणून तुम्ही तीन आठवडे तिथल्या सिटी हॉलला मेल करत बसलात. चूक तुमची नाही, इथे नव्याने आलेला जवळपास प्रत्येक जण यात फसतो. तो पत्ता फक्त पोस्टाचा. फोर्साइथमध्ये शहर म्हणजे कमिंग एकच, बाकी सगळा भाग थेट काउंटीच्या हातात, म्हणजे तुमचा मेयर नाहीच, तुमचं सरकार म्हणजे पाच जणांचं बोर्ड ऑफ कमिशनर्स.

हेच बोर्ड बजेट ठरवतं, प्रॉपर्टी टॅक्सचा काउंटीचा दर ठरवतं, झोनिंगही तेच, आणि रोजचा कारभार त्यांनी नेमलेला काउंटी मॅनेजर बघतो. शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, फोन करून उपयोग नाही, तो वेगळा निवडून येतो आणि जमिनीच्या वापराशी त्याचा संबंध नाही.

आता धीर धरा, कारण प्लॅनिंग कमिशनचं हो म्हणजे नुसती शिफारस. खरं मत बोर्डाचं.

त्या जमिनीसमोर रस्त्यावर सुनावणीची पाटी लावतात, तिचा आजच तारखेसकट फोटो काढा. पाटी सुनावणीच्या निदान 15 दिवस आधी लागायला हवी, पेपरातली नोटीस सुनावणीच्या 15 ते 45 दिवस आधी यायला हवी, यात गडबड असेल तर तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

सुनावणीत विरोध करणाऱ्यांना कायद्याने कमीत कमी 10 मिनिटं मिळतात, पण ती सगळ्यांना मिळून, माणशी नाही. म्हणून वीस शेजाऱ्यांनी उठून तेच तेच बोलू नका, तिघं निवडा, एक ट्रॅफिकवर, एक पाण्यावर, एक लाइट आणि आवाजावर. मागच्या पावसात डेकखाली घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं म्हणता ना, तो फोटो मोठा प्रिंट करून न्या आणि बोर्डाची नोंद ठेवणाऱ्या क्लार्ककडे द्या, म्हणजे रेकॉर्डवर राहील. हे फार महत्त्वाचं आहे हो, कारण पुढे कोर्टात जायचं झालं तर माझा एरिया बिघडतोय एवढ्यावर केस उभी राहत नाही, इतरांपेक्षा वेगळं असं तुमचं नुकसान दाखवावं लागतं, आणि ते पाणी तुमच्याच अंगणात येतंय.

तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, मत देता येत नाही, म्हणून गप्प बसायचं का असं विचारलंत. अजिबात नाही. घर तुमचं आहे, जाऊन बोला. त्याआधी बोर्डावरच्या तुमच्या भागाच्या कमिशनरला छोटा मेल टाका आणि नकार द्याच असा हट्ट न धरता, मंजूर करत असाल तर या अटी घाला असंही लिहा: तुमच्या घराच्या आणि दुकानांच्या मध्ये झाडांचा रुंद पट्टा (बफर), पावसाचं पाणी अडवायला तळं (डिटेन्शन पाँड), रात्री दुकानं बंद करायची वेळ. बोर्डाला अटींसकट मंजुरी देता येते आणि माझ्या मते तुमच्या हाती काही लागायचं तर ते बहुतेक इथेच.

नामंजूर झालं तर त्याच जमिनीचा अर्ज निदान 6 महिने परत विचारात घेता येत नाही. मंजूर झालं तर सुपीरियर कोर्टात जायला तुमच्याकडे फक्त 30 दिवस, त्यामुळे मतदान होईल त्याच रात्री मला कळवा.