माळ्यावरचा प्रायमस

प्रश्न : आजोबांचा पितळी पंपाचा स्टोव्ह माळ्यावर सापडला. टाकीवर ‘प्रायमस’ आणि ‘स्वीडन’ अशी अक्षरे उठवलेली आहेत. पेटवून पाहिला, तर हातभर पिवळा भडका उठला आणि पातेल्याचे बूड काळेकुट्ट झाले. थंडीत तो तोरणमाळला न्यावा, असा विचार आहे. स्टोव्ह बिघडला आहे काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : लक्षणांवरून स्टोव्हपेक्षा पेटवणाऱ्याची घाई अधिक दोषी वाटते. वातीच्या स्टोव्हमध्ये रॉकेल वातीतून चढून जळते. पंपाच्या स्टोव्हमध्ये ते हवेच्या दाबाने बर्नरच्या नळ्यांत चढते, तिथल्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ निपलच्या केसाएवढ्या छिद्रातून जोराने निघून हवेत मिसळली, की निळी ज्योत लागते. ही ज्योतच पुढे बर्नर तापता ठेवते. पहिल्या खेपेला मात्र ते काम बर्नरखाली पेटवायच्या, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या काकड्याचे. तो विझत येईपर्यंत धीर धरावा, मग टाकीतली हवा सोडायची चावी बंद करून बेताने पंप मारावा. त्याआधी मारला, तर कच्चे रॉकेल वर येऊन भडकते. एवढे करूनही ज्योत पिवळीच राहिली, तर जाड पिन खुपसून खुपसून छिद्र मोठे झाले असावे. अशा वेळी निपल बदलावे.

स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये हा बिनवातीचा, काजळी न धरणारा स्टोव्ह बनवला. बर्फाळ मुलुखात पिण्याचे पाणीसुद्धा बर्फ वितळवूनच मिळते, त्यामुळे थोड्या इंधनात भरपूर आच देणारे हे यंत्र शोधमोहिमांना फार मोलाचे ठरले. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेन यांच्याबरोबर प्रायमस होता आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. आपल्याकडे तर पंपाचा स्टोव्ह कोणत्याही कंपनीचा असो, जुनी माणसे त्याला प्रायमसच म्हणत.

तोरणमाळला अवश्य न्या, पण आधी पंपाचे चामडी वायसर काढून तेलात भिजवा. ते सुकले असेल, तर हवा भरलीच जाणार नाही. मग रॉकेल न घालता टाकीत हवा भरून सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे दिसले, तर झाळकाम करून घेतल्याशिवाय तो पेटवू नका. टाकीत पेट्रोल कधीही घालू नका आणि तापलेल्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नका. वारा अडवण्यासाठी चहूबाजूंनी दगड रचण्याचा मोह होतो. त्याने टाकी तापून आतला दाब वाढतो, म्हणून आडोसा वाऱ्याच्या बाजूलाच असावा. पितळ चिंचेने उजळायला हरकत नाही, मात्र उठावाच्या अक्षरांवर वाळू घासू नका.

प्रश्न : काही स्टोव्ह घरघरतात, काही अगदी गप्प असतात. असे का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : हा बर्नरचा फरक आहे. घरघरणाऱ्यात वाफेचा झोत वरच्या चकतीवर आदळून पसरतो. गप्प असणाऱ्यात तो टोपीच्या असंख्य बारीक छिद्रांतून विभागून निघतो. पहिला वाऱ्याला अधिक दाद देत नाही आणि त्याची सफाईही सोपी, म्हणून उघड्यावर तोच बरा. घरात मात्र त्याच्याशेजारी बोलायचे, तर आवाज चढवावा लागतो.